विंगेतला टॅबलेट: एका नाट्यसंहितेचं डार्क मोड प्रकरण

फोंडा तालुक्यातल्या एका गावात जत्रेच्या रात्री पालखी देवळात परतली की मराठी नाटक उभं राहतं. घरात कोंकणी आणि रंगमंचावर मराठी ही गोव्यातली जुनी वहिवाट. नाटक सुरू व्हायलाच मध्यरात्र होते आणि नटांना संवाद पुरवणाऱ्या प्रॉम्प्टरचं सगळं काम विंगेतल्या अंधारात. पूर्वी त्याच्या हातात वही असे आणि निळा जिलेटीन गुंडाळलेली टॉर्च. मग वहीची पीडीएफ झाली, टॉर्चच्या जागी टॅबलेट आला आणि पांढऱ्या पानाची पंचाईत सुरू झाली.

विंगेत पांढरं पान उघडलं की एंट्रीसाठी थांबलेल्या नटाच्या तोंडावर उजेड पडतो. ब्लॅकआऊटमध्ये तर पहिल्या रांगेतल्या पोरांनाही विंगेतला उजळ चौकोन दिसतो. ब्राइटनेस खाली ओढला की पान मंद होतं तशी अक्षरंही मंद होतात, आणि पान तरीही आजूबाजूच्या अंधारापेक्षा उजळच राहतं. शिवाय प्रॉम्प्टरला दर क्षणी पानावरून नजर उचलून नटाकडे बघावं लागतं. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं घेतो, पांढऱ्या पानाकडे एकदा बघितलं की बरीचशी कमाई गेली.

मंडळाने ठरवलं, डार्क मोड लावायचा, म्हणजे काळं पान आणि उजळ अक्षरं. सेटिंगमध्ये एक बटन तर आहे. हे प्रकरण ते बटन दाबल्यानंतरचं. मी या मंडळात नट नाही. दिवसा पणजीत कागदपत्रांची मांडणी करतो आणि तालमीच्या दिवसांत प्रकाशयोजनेच्या पोराला हातभार लावतो, म्हणून फाइल माझ्याकडे आली.

बटन दाबल्यावर

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मेनू काळा झाला, वरची पट्टी काळी झाली, संहितेचं पान पांढरंच राहिलं. यात बिघाड काही नव्हता. पीडीएफ हा छापील पान जसंच्या तसं दाखवण्यासाठी जन्मलेला प्रकार आहे. कुठलं अक्षर पानावर कुठे, कुठल्या रंगात, हे त्यात पक्कं लिहिलेलं असतं. यंत्रणेचा डार्क मोड अ‍ॅपला सांगतो की वाचणाऱ्याला काळोखी मांडणी हवी आहे. अ‍ॅपने ती मेनूला लावली तरी पानाला लावायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

मग प्रॉम्प्टरने वाचक-अ‍ॅपमधला नाइट मोड शोधून काढला. तो पानावरचा प्रत्येक ठिपका उलटा करत होता. संवादांपुरतं छान झालं, काळ्यावर पांढरी अक्षरं. पण संहितेच्या मध्ये पदांची स्कॅन केलेली पानं होती. जुन्या वहीचा पिवळट कागद उलटून गढूळ निळसर झाला आणि शाईचे डाग उजळून अक्षरांत मिसळले. नेपथ्याचा फोटो निगेटिव्हसारखा दिसायला लागला.

खरी गंमत शेवटच्या चार पानांत होती. तिथे प्रकाशयोजनेचा तक्ता होता आणि त्यात दिव्यांचे रंग शब्दांत न लिहिता रंगीत ठिपक्यांनी दाखवले होते. रंग उलटले की निळ्याचा पिवळा होतो, लालाचा आकाशी, हिरव्याचा जांभळट गुलाबी. तालमीत मध्यरात्रीच्या अरण्याचा प्रवेश लागला आणि पोराने तक्त्यावरचा ठिपका बघून लख्ख पिवळा दिवा सोडला. "सगळें उलटें जालां मरे!" पेटीवरून मास्तर ओरडले. अरण्यात दुपार झाली होती.

तिसरा प्रयत्न मूळ फाइलवर झाला. ती एका डीटीपी करणाऱ्याकडून मिळाली. लॅपटॉपवर लिब्रेऑफिस या वर्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पानाची पार्श्वभूमी काळी करून उघडली, तर नायिकेचे संवाद दिसत होते आणि नायकाचे गायब. पहिल्या अंकात दोघंही होती, दुसऱ्या अंकात ती एकटीच बोलत होती. कर्सर फिरवून ओळी निवडल्या की अक्षरं तिथेच असल्याचं कळत होतं.

या ठिकाणी थोडं थांबायला हवं, कारण डार्क मोडच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ हेच आहे. वर्ड असो वा लिब्रेऑफिस, अक्षराच्या रंगांच्या यादीत 'ऑटोमॅटिक' आणि 'काळा' हे दोन वेगवेगळे पर्याय असतात. पांढऱ्या पानावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, म्हणून कोणी फरक करत नाही. ऑटोमॅटिक म्हणजे पार्श्वभूमी बघून ठरव. पान काळं झालं की ते अक्षर आपणहून पांढरं होतं. काळा म्हणजे काळाच. लिब्रेऑफिसमध्ये असं अक्षर काळ्या पानावर तसंच काळं राहतं. वर्डचा डार्क मोड दिलेले रंगही थोडे सरकवून घेतो, त्यामुळे तिथे चूक झाकली जाते आणि फाइल दुसरीकडे गेली की उघडी पडते. आमच्या नायकाचे संवाद कोणीतरी दुसऱ्या फाइलमधून कॉपी करून डकवले होते आणि येताना ते आपला काळा रंग घेऊन आले होते.

दुसरी भानगड हायलाइटची. दिग्दर्शकाने कापलेल्या ओळी पिवळ्या पट्ट्याने रंगवल्या होत्या. काही अ‍ॅपमध्ये पट्टा तसाच राहिला, वरचं अक्षर मात्र पानाच्या रंगावरून पांढरं झालं. पिवळ्यावर पांढरं म्हणजे काय ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. वेबवरच्या सुगम्यतेचे जे डब्ल्यूसीएजी निकष आहेत, त्यांत दोन रंगांच्या उजळपणाचं गुणोत्तर काढतात. शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा यांचं २१:१ येतं, याच्या वर काही नाही. साध्या मजकुराला किमान ४.५:१ हवं, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतं, अधिक कडक पातळीवर साध्या मजकुराला ७:१ मागतात. पिवळ्या पट्ट्यावरच्या पांढऱ्या अक्षराचं येतं १.०७:१. सारखा रंग असला की १:१ होतं, म्हणजे बघायला काही उरलंच नव्हतं.

रंगसूचना गडद निळ्या होत्या, पडद्यावरचा सगळ्यात शुद्ध निळा. पांढऱ्या कागदावर त्याचं गुणोत्तर साडेआठच्या वर जातं, उत्तम. काळ्यावर तोच निळा २.४४:१ वर येतो. डीटीपीवाल्याने रंग वाईट निवडला होता असं नाही. त्याने तो एका पानासाठी निवडला होता आणि पान बदललं.

चार जण, चार डोळे

तोवर मंडळात डार्क मोड बरा की वाईट यावर वाद पेटला होता आणि दोन्ही बाजू आपापल्या परीने खरं बोलत होत्या.

पेटी वाजवणारे मास्तर सत्तरीचे आहेत आणि मोतीबिंदू पिकायला आलेला. पांढरं पान उघडलं की त्यांना धुक्यात बघितल्यासारखं होतं, कारण गढूळ झालेल्या भिंगात पानाचा सगळा उजेड विखुरतो आणि अक्षरं त्यात बुडतात. काळ्यावर पांढरं ते झरझर वाचतात. यात नवल नाही. दृष्टीचे अभ्यासक गॉर्डन लेग आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्येच दाखवलं होतं की डोळ्यातली माध्यमं गढूळ झालेले लोक उलट्या रंगसंगतीत जास्त वेगाने वाचतात.

दिग्दर्शकांचं नेमकं उलट. त्यांच्या चष्म्याला सिलिंडरचा मोठा नंबर आहे. काळ्या पानावर बाहुली विस्फारते, भिंगाचे दोष जास्त जाणवतात आणि पांढऱ्या अक्षराला झालर फुटते. तालमीच्या ट्यूबलाइटखाली त्यांना पांढरं पानच हवं, आणि ते बरोबर आहेत. ज्यांची नजर ठीक आहे, त्यांनाही उजेडात पांढऱ्यावर काळं वाचणंच सहसा सोपं जातं. 'डार्क मोड डोळ्यांना चांगला' असं सरसकट सांगणाऱ्यांशी माझं जमत नाही ते यामुळेच. तो काही डोळ्यांना चांगला, काही वेळांना चांगला.

प्रॉम्प्टरला डार्क मोड हवा तो डोळ्यांपेक्षा अंधारासाठी. दिव्यांच्या पोराला संवाद कसेही दिसोत, तक्त्यातले रंग खरे दिसायला हवेत. आणि मंडळातली एक गायिका अजिबात बघू शकत नाही. ती फोनवर टॉकबॅकने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सोयीने, पदं ऐकते. तिच्यासाठी निळी रंगसूचना आणि काळा संवाद यांत फरकच नव्हता. टॉकबॅक तिला दोन्ही एका दमात वाचून दाखवत असे, तोही अर्थहीन अक्षरांचा गोंधळ (त्याचं कारण पुढे), आणि बराच भाग मुळी वाचतच नसे. स्कॅन केलेल्या पानात वाचायला अक्षर कुठलं?

हे सगळं समोर ठेवलं की एक गोष्ट उघड होते. संहितेची काळी आवृत्ती करून भागणार नव्हतं. मग दिग्दर्शकांसाठी पांढरी, मास्तरांसाठी मोठ्या अक्षरांची, असं करत पाच फायली झाल्या असत्या आणि रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी बदललेला संवाद त्यातल्या दोनांत राहून गेला असता. फाइल एकच हवी, जिच्यात रंगच ठरवलेला नाही, असं मी मांडलं. संवाद कुठला, सूचना कुठली, पद कुठलं हे फाइल सांगेल. पान काळं की पांढरं ते वाचणारा ठरवेल.

कामाला सुरुवात

सगळ्यात जास्त वेळ रंगांनी खाल्ला नाही, अक्षरांनी खाल्ला. मूळ फाइल युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होती. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला आकडा देणारी पद्धत. अशा फाइलमध्ये मराठी फक्त दिसायला मराठी असतं. आत इंग्रजी अक्षरांचे आकडे साठवलेले असतात आणि तो विशिष्ट फॉन्ट त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवतो. टॅबलेटवर फॉन्ट नाही म्हटल्यावर मुखवटा गळून पडतो. टॉकबॅकला तर मुखवटा कधी दिसतच नाही. युनिकोडमध्ये आणल्याशिवाय पुढचं एकही पाऊल शक्य नव्हतं.

रूपांतर करणारी साधनं बरीच आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. त्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार अक्षरानंतर, म्हणजे जसं हाताने लिहितो तसं. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. रूपांतरात हा क्रम चुकला की 'धर्म'चा 'धमर्' होतो आणि 'कार्यक्रम'चा 'कायर्क्रम'. पौराणिक नाटकात धर्म, कर्म, अर्जुन पानोपानी. हे शोधायला मी 'र' पायमोडका आणि त्यापुढे शब्द संपतो अशा जागा आधी हुडकल्या, मग उरलेलं प्रॉम्प्टरने मोठ्याने वाचत तपासलं. त्याला संहिता पाठच असते, चुकीवर त्याची जीभ अडखळते. एवढं चांगलं मुद्रितशोधन मला पणजीत पैसे देऊनही मिळालेलं नाही.

मग सगळा मजकूर निवडून हाताने दिलेली सजावट पुसली. काळा रंग, निळा रंग, पिवळे पट्टे, सगळं. त्याऐवजी स्टाइल बनवल्या: अंक, प्रवेश, पात्र, संवाद, रंगसूचना, पद, प्रकाश, कट. प्रत्येकीचा रंग ऑटोमॅटिक. फरक दिसतो तो आकारातून आणि जागेतून. पात्राचं नाव ठळक आणि पुढे अपूर्णविराम. रंगसूचना कंसात, आत सरकवलेली. तिरपी अक्षरं टाळली, कारण देवनागरीत ती बहुतेक वेळा फॉन्ट नुसता कलंडवून बनवलेली असतात आणि शिरोरेषेची शिडी होते. कापलेल्या ओळीच्या सुरुवातीला 'कट' आणि शेवटी 'कट संपला' असे शब्दच लिहिले. दिग्दर्शकांना हे कुरूप वाटलं. ते आहेच कुरूप. पण टॅबलेट करड्या रंगात ठेवला तरी ते हरवत नाही आणि टॉकबॅकही ते वाचतो.

करड्या रंगाची ही परीक्षा सगळ्यांनी करून बघावी अशी आहे. फोनच्या सुगम्यतेच्या सेटिंगमध्ये सगळे रंग काढून टाकायची सोय असते. ती लावून आपलंच कागदपत्र वाचायचं. एखादा अर्थ गेला, तर तो फक्त रंगाच्या भरवशावर उभा होता.

प्रकाशाच्या तक्त्यातले ठिपके काढून 'निळा', 'गडद पिवळा', 'लाल, अर्धा' असं लिहिलं. पोराला वाटत होतं की दिवे सांभाळताना शब्द वाचायला वेळ जाईल. दोन तालमींनी ती शंका गेली.

यातून ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, तयार केलं. लिब्रेऑफिसमधून ते थेट करता येतं, २०१८ च्या ६.० आवृत्तीपासून. ईपब म्हणजे आतून वेबपानंच, झिप करून बांधलेली. म्हणून ते उघडून आतल्या स्टाइलशीटमध्ये कुठे रंग राहिलाय का ते बघितलं आणि राहिलेले काढले. एकदा अक्षराचा रंग दिला आणि पार्श्वभूमीचा दिला नाही, की नायक पुन्हा गायब. द्यायचे तर दोन्ही द्या, नाहीतर दोन्ही सोडा. भाषा मराठी असल्याची नोंदही केली, म्हणजे टॉकबॅक योग्य आवाज निवडतो.

ईपबने एक नवी अडचण आणली. अक्षर मोठं केलं की मजकूर नव्याने वाहतो, पानं बदलतात. "पान चाळीस घ्या" हे दिग्दर्शकांचं वाक्य निरर्थक झालं. यावर प्रत्येक प्रवेशातल्या संवादांना क्रमांक दिले. आता "दोन-सत्तेचाळीस" म्हटलं की मास्तर, प्रॉम्प्टर आणि छापील प्रत घेऊन बसलेले दिग्दर्शक एकाच ओळीवर येतात. ही सवय लागायला कुरकुर झाली, अजूनही थोडी आहे.

देवनागरी काळ्यावर

वाचक-अ‍ॅपमध्ये आपला रंग निवडता येतो, तिथे प्रॉम्प्टरने आधी शुद्ध काळ्यावर शुद्ध पांढरं लावलं. २१:१, मग आणखी काय हवं? पण अंधारात हे जास्तच टोचतं. पांढरं अक्षर काळ्यावर आहे त्यापेक्षा जाड भासतं आणि देवनागरीत त्याचा फटका नेमक्या जागी बसतो. 'भ' आणि 'म' यांत फरक शिरोरेषेतल्या तुटीचा. 'ध' आणि 'घ' यांतही तेच. अक्षराचा उजेड पसरला की ती बारीक फट बुजते आणि 'भान'चं 'मान' वाचलं जातं. अनुस्वाराचं टिंब रफाराला चिकटतं.

उपाय साधे निघाले. पार्श्वभूमी अगदी काळी न ठेवता लाल, हिरवा, निळा प्रत्येकी १८ अशी करडी-काळी, आणि अक्षर प्रत्येकी २२४ असं मऊ पांढरं. गुणोत्तर १४:१ च्या आसपास राहतं, निकषाच्या कितीतरी वर. टॅबलेट एलसीडीचा असल्याने शुद्ध काळा तसाही त्याच्यावर काळा दिसत नव्हता, मागचा उजेड झिरपतोच. फॉन्ट म्हणून 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' लावला, साध्या वजनात. संवाद ठळक करायचा मोह टाळला. ओळींतलं अंतर अक्षराच्या पावणेदोन पट केलं, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर पाय देत नाही.

मास्तरांनी आपल्या फोनवर शुद्ध काळं-पांढरंच ठेवलं. त्यांना तेच बरं दिसतं. फाइलला त्याने काही फरक पडत नाही.

जत्रेची रात्र

कागदपत्र सुधारूनही विंगेत उजेड पडायच्या दोन वाटा उरतात. एक म्हणजे ऑटो-ब्राइटनेस: रंगमंचावर लख्ख प्रकाश आला की टॅबलेटला वाटतं सकाळ झाली, तो स्वतःही उजळतो आणि ब्लॅकआऊटला मागे पडतो. ते बंद केलं. दुसरी म्हणजे कोणाचा तरी मेसेज, म्हणून टॅबलेट विमान मोडमध्ये. छापील संहिता आणि टॉर्च शेजारच्या खुर्चीवर होतीच. गोव्यात पावसाळा सरला म्हणून वीज भरवशाची होत नाही.

नाटक नीट पार पडलं. अरण्यात रात्रच होती.

या कामाला मंडळावर कुठल्या कायद्याची सक्ती नव्हती. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा माहितीच्या सुगम्यतेबद्दल बोलतो, पण गावच्या नाटकाच्या वहीपर्यंत कोणी येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला, तिथे आमची गायिका जाऊन आली होती. रॅम्पइतकीच फाइलही लागते, हे समितीला पटवलं ते तिने, मी नव्हे. आता वर्गणीची यादी आणि तालमीचं वेळापत्रकही याच पद्धतीने होतं. समितीच्या पत्रांवरचं बोधचिन्ह तेवढं राहिलंय: पारदर्शक पार्श्वभूमीवरची काळी रेघ, म्हणजे डार्क मोडमध्ये कोरा कागद. त्याभोवती पांढरी कड द्यायची आहे.

पदांच्या स्कॅनचं काम अर्धवट आहे. शब्द टंकले, ते ईपबमध्ये आहेत. स्वरलिपी मास्तरांच्या गुरूंच्या हातची आहे, भातखंडे पद्धतीची: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राखाली बिंदू, तारावर बिंदू. या पानांचा कागदी पिवळेपणा आणि डाग आधी साफ करून, फक्त काळी रेघ उरेल असं चित्र केलं. ते उलटवलं तर काळ्यावर स्वच्छ पांढरं दिसतं. नेपथ्याचे फोटो मात्र कधी उलटवायचे नाहीत, ते तसेच पण थोडे मंद केले. तीन पानं पावसात भिजलेली आहेत. मध्यमावरची ती उभी रेघ तीव्र म्हणून मारलीय की डाग आहे, हे साफ करणारं सॉफ्टवेअर ठरवू शकत नाही, मीही नाही. मास्तर पेटीवर वाजवून बघून सांगणार आहेत. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की बसू, म्हणालेत.